मामा बंद करायला विसरले तो टेप

आत्या, तू गेलीस, आणि परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला तुझा टेप मी लावला. तुला न विचारता. जन्मभर त्या टू-इन-वनला कुणी हात लावायची सोय नव्हती. "हाताला पीठ हाय का बघ आधी," म्हणून ओरडायचीस, आणि पीठ दर वेळी तुझ्याच हाताला असायचं. परवा मी हात धुतले, पुसले, पंख्याखाली वाळवले आणि मग बटण दाबलं. टेपमधून भंते बोलायला लागले आणि तुझ्या त्या एवढ्याशा हॉलमध्ये दाटीवाटीनं बसलेली माणसं गप्प झाली.

त्याआधी लोकांनी तुझ्याबद्दल बरंच सांगितलं. लई कष्टाची होती, मायाळू होती, किती पोरी तिच्या हातचं खाऊन शिकल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात, पण मला आतून राग येत होता. कारण आपलं भांडण राहिलंय. तू मधेच उठून गेलीस. आता मी कुणाशी भांडू? त्या भिंतीवरच्या फोटोशी? फोटोतही तू ओठ मिटून हसतेस, तुझं बरोबर असलं की हसायचीस तशी.

म्हणून लिहितेय. अधूनमधून 'हं' म्हणत जा.

दहावीला मार्क पडले तसं बाबांनी मला मुखेडहून एसटीत बसवलं आणि लातूरला तुझ्या दारात आणून सोडलं. भूकंपाला तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती. गावोगावची पोरं ट्रंका घेऊन लातुरात उतरत होती, गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, ज्याच्या घरात एक खोली जास्तीची तो होस्टेलवाला झाला होता. तू मेस चालवत होतीस. वरच्या खोलीत आम्ही मुली राहायचो, मी, उदगीरची शबाना आणि येऊन-जाऊन बदलत्या दोघी-तिघी. बाबा निघताना एवढंच म्हणाले, "आत्याला त्रास देऊ नको. तिनं लई सोसलंय." काय सोसलं ते मला मोघम माहीत होतं. आमच्या घरात त्यावर कुणी बोलत नसे.

पहिल्याच पहाटे मी दचकून उठले. खाली स्वयंपाकघरात कुणीतरी बाप्या माणूस बोलत होता. जिन्यातून वाकून बघते तर तू परात पुढ्यात घेऊन कणिक मळतेस, आणि फळीवरच्या टेपमधून आवाज येतोय. "श्वास आला, तर आला म्हणा. गेला, तर गेला म्हणा. त्याला अडवू नका, त्याला बोलावू नका." विदर्भाकडचा हेल, सावकाश बोलणं, मधेच नाक ओढणं. मग ते म्हणाले, "आता आपण सगळे थोडा वेळ डोळे मिटून बसू." आणि टेप गप्प झाला.

"आत्या, अडकला गं टेप."

"न्हाई अडकला. बस."

"अगं, काहीच ऐकू येईना."

"येतंय. बस की जरा. तुझं फिजिक्स काय पळून चाललंय का?"

मी बसले, पण बसवेना. सहाची बॅच, डोक्यात सूत्रं, आणि इथं नुसती खरखर. माझा हात फास्ट फॉरवर्डकडे गेला तर तू अशी बघितलीस माझ्याकडे, की मी तो हात मुकाट्यानं मांडीखाली घातला. बऱ्याच वेळानं टेपमधून सगळ्यांनी मिळून म्हटलेलं मेत्तासुत्त सुरू झालं, तू त्यात आपला आवाज मिसळलास आणि पोळ्या लाटायला घेतल्यास. हे रोज चालायचं. पावसात, थंडीत, बारावीच्या परीक्षेच्या दिवशीसुद्धा. शबाना माझ्याआधी सरावली. ती तिची नमाज आटपून खाली यायची आणि तुझ्याशेजारी डोळे मिटून बसायची. "मला तर लई बरं वाटतं बाई," म्हणायची. मी एकटीच चुळबुळी.

ती खरखर कशाची, हे तू मला एका रविवारी मेथी निवडताना सांगितलंस. तसं विशेष काही सांगायचंय असा आव न आणता.

भूकंपाच्या आदल्या वर्षी भंते वर्षावासाला तुमच्या गावी राहिले होते. पावसाळ्याचे महिने एकाच ठिकाणी राहायचं आणि रोज संध्याकाळी विहारात प्रवचन. तुझे मालक, आमचे मामा, शाळामास्तर, प्रत्येक गोष्ट शिस्तीत करणारे. टू-इन-वन नवा घेतलेला. त्यांनी ठरवलं, भंतेंचा शब्द न् शब्द उतरवून घ्यायचा, मात्र कॅसेट वाया घालवायची नाही. भंते ध्यानाला बसा म्हणाले की बटण दाबून बंद करायचं, डोळे उघडले की पुन्हा चालू. रोज तसंच करायचे. पण त्या एका संध्याकाळी भंते असे काही बोलले की मामांनीही डोळे मिटले.

"बंद करणाराच ध्यानाला बसला!" सांगताना तू एवढी हसलीस की मांडीवरची मेथी खाली सांडली. "दुसऱ्याच्या चुका काढायचा मास्तर, आन सोता बसला डोळे मिटून! घरी आल्यावर तोंड एवढंसं झालं. म्हणाले, एवढी टेप वाया गेली, पुसून टाकतो. मी म्हणलं राहू द्या. तुम्ही एकदा तरी नीट बसलाव ना, मग झालं तर."

मग हसू थांबलं. तू एकेक पान खुडत राहिलीस.

"त्यात सुजी हाय," म्हणालीस.

सुजाता. तुझी मुलगी. मी तिच्याबरोबर खेळले होते, तिच्या फ्रॉकवरची बदकं मला अजून आठवतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जिना उतरून आले ती कान टवकारूनच. भंतेंनी डोळे मिटायला सांगितलं आणि मी पहिल्यांदा ती शांतता ऐकली. बाई गं! खरखर होती ती, पण मागं आख्खं गाव बसलेलं होतं. कुणाच्या बांगड्या किणकिणल्या. लांब कुठंतरी हापशाचा दांडा कुरकुरत होता. एक शेळी ओरडली. एका म्हाताऱ्यानं घसा साफ केला. आणि मग, अगदी माईकजवळ, लहान पोराचा कोरडा खोकला. दोनदा. आणि लगेच कुणी बाई दबक्या आवाजात म्हणाली, "शू. गप बस."

ती बाई तू होतीस.

मी डोळे उघडून तुझ्याकडं बघितलं. तू कणकेतून उजवा हात काढला होतास आणि तळवा वर करून मांडीवर ठेवला होतास, पिठानं भरलेला. खोकला येऊन गेला तसा तू तो हात पुन्हा परातीत घातलास. त्यानंतर रोज बघितलं मी. खोकला यायच्या जरा आधी तो हात उघडायचा. एकदाही चुकला नाही.

"ती खोकली, आन मी तिला गप केलं," तू म्हणाली होतीस. "आम्हा दोघींचं बोलणं तेवढंच राहिलंय बग. पाठीवरून हात फिरवायचा होता, तर गप केलं."

भूकंपाच्या वेळी तू आमच्याकडं मुखेडला होतीस, आईच्या बाळंतपणाला. सिद्धू नुकताच झाला होता. येताना बाबांना ऐकवायला म्हणून ती एक कॅसेट पिशवीत टाकून आणली होतीस, म्हणून ती राहिली. बाकीच्या मामांजवळ होत्या. मामांनी वस्तीतलं पहिलं दगडी माळवदाचं घर बांधलं होतं. जाड भिंती, वर मातीचा धाबा. वस्तीतले बाकी सगळे पत्र्याखाली नाहीतर कुडाच्या घरात. घर बघायला सगळी वस्ती लोटली होती, मामा दारात उभे राहून "या, या" म्हणत होते, हे तू किती अभिमानानं सांगायचीस. त्या पहाटे पत्र्याखालची माणसं बाहेर पळाली. दगडी घरातल्या दोघांना बाहेर येता आलं नाही.

हे सगळं कळल्यावर मी तुझ्याशी मऊ वागायला हवं होतं ना? पण मी कसली! माझा स्वभाव तुला ठाऊक. एक दिवस डबे भरता भरता म्हणाले, "आत्या, भंते रोज सांगतात सोडा, धरून ठेवू नका. आणि तू त्यांच्याच टेपवर सुजीला धरून बसलीस. हे कसं चालतं?" शबानानं मला चिमटा काढला. तू डब्याचं झाकण लावलंस, कडी अडकवलीस.

"सोडायला आधी हातात तर पाहिजे की गं काही," म्हणालीस. "माझ्या हातात एवढंच हाय. ते धरायला तर शिकू दे."

त्या दिवशी माझी कॉलेजची बस चुकली.

पुढं मी शिकले, नांदेडला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागले. तिथली गर्दीही लातूरसारखीच वाढत गेली, मग आमची लेक्चरं रेकॉर्ड व्हायला लागली. पोरं मोबाईलवर बघतात, दुप्पट वेगानं. मी प्रश्न विचारून थांबले की एडिटिंगवाले तो थांबा कापून टाकतात. "मॅडम, तिथं काहीच नाही," म्हणतात. आत्या, दर वेळी मला तुझी फळी आठवते.

सुट्टीत तुझ्याकडं यायचे तेव्हा टेप चालूच असायचा. आपलं खरं भांडण मी आले असतानाच एका दुपारी सुरू झालं. तू कापसाला स्पिरिट लावून टेपचं हेड पुसत होतीस. कापूस तांबूस झाला. तू तो माझ्यापुढं धरलास.

"रोज पुसते, तरी ही माती येतीच. कुठून येती गं?"

माझ्या तोंडून खरं निघून गेलं. "माती नाही ती, आत्या. टेपवर बारीक भुकटी चिकटवलेली असते, आवाज तिच्यातच असतो. वाजवलं की घासून थोडी थोडी निघते."

तू कापूस उजेडाला धरलास.

"म्हणजे ही सुजी हाय?"

तू तो कापूस फेकला नाहीस. जास्वंदीच्या कुंडीत बोटानं खड्डा करून त्यात पुरलास आणि हात धुऊन भाताला लागलीस.

मग मी लागले तुझ्या मागं. नांदेडला आमच्याकडं मशीन आहे, तासाभराचं काम, कॉपी करून घेऊ, मग वाजव किती वाजवायचं ते. शंभर वर्षं झिजणार नाही. तू नको म्हणालीस. मला वाटलं, तुला कळलं नसेल, म्हणून पुन्हा समजावलं. "मला कळलंय," म्हणालीस. "म्हणूनच नको." मी चिडले. म्हटलं, "मग निदान रोज लावू नकोस. पौर्णिमेला लाव फक्त." त्यालाही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बटण दाबल्याचा आवाज झालाच.

किती वर्षं भांडलो आपण यावर! फोनवर, सणाला, सिद्धूच्या लग्नात तर मांडवात. मी म्हणायचे, हा वेडेपणा आहे, तू तिला रोज थोडी थोडी पुसतेयस. एकदा तूही आवाज चढवलास. "ती लेकरूच राहील तुझ्या मशीनमध्ये, आन मी एकटीच म्हातारी होऊ का? झिजू दे दोघींना. संग झिजू दे." नंतर मला जवळ घेऊन माझ्या हातात शेंगदाण्याचा लाडू ठेवलास, म्हणजे विषय संपला. माझ्यासाठी संपला नव्हता.

शेवटच्या एक-दोन खेपांना मी बघितलं, तू टेपपुढं बसायचीस, पण तुझा हात आता उघडत नव्हता. दोन्ही हात मांडीवर एकात एक. मेस बंद झाली होती, परात नव्हती, मला वाटलं वय झालं, सांधे धरले असतील. मी स्वतः तेव्हा शेजारच्या खोलीत मोबाईलवर पेपर तपासत असायचे. कान द्यायचं सुचलं नाही.

आता परवाचं सांगते. मी मनाशी ठरवूनच आले होते. टेप लागेल तेव्हा माझा मोबाईल स्पीकरपाशी ठेवायचा, रेकॉर्डिंग चालू करायचं, म्हणजे कॉपी होईल. नंतर नीट मशीनवर करू, पण आधी एक तर हातात असू दे. तू गेलीस, आता मला अडवणारं कोण? ठेवलाच मोबाईल, रेकॉर्डिंग चालू केलं. भंतेंनी बसायला सांगितलं. माणसं डोळे मिटून बसली. मी मात्र टक्क उघड्या डोळ्यांनी त्या टेपकडं बघत होते, आणि माझ्या नकळत माझा उजवा हात मांडीवर उघडला होता, तळवा वर.

बांगड्या नाहीत. शेळी नाही. हापसा नाही. खोकला यायची जागा आली, मला ती पाठ आहे. खोकला आला नाही. तुझं 'शू' आलं नाही. नुसती खरखर, वाळूवरून पाणी जावं तशी. मला रडू फुटलं, आत्या. म्हटलं, संपली की गं तुझी सुजी! मी किती वेळा सांगितलं होतं तुला!

तेवढ्यात सिद्धूची मुलगी, मैत्री, खणखणीत आवाजात म्हणाली, "पप्पा, अजून किती वेळ?"

तूच अंघोळ घातलेला सिद्धू आता बाप झालाय. त्यानं पटकन बोट ओठांवर नेलं, दुसरा हात तिच्या तोंडाकडं गेला. मी शेजारीच होते. मी त्याचं मनगट धरलं. घट्ट. तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली, नको म्हणून. पोरीनं दोघांकडं बघितलं आणि तिचं तिचं पुढं म्हणाली, "मला तहान लागली." कुणीतरी तांब्या पुढं केला. ती घटघट पाणी प्यायली, सगळ्यांना ऐकू येईल अशी, आणि मग टेपमधून मेत्तासुत्त सुरू झालं, अगदी पुसट.

चहाच्या वेळी मी शबानाला बाजूला घेतलं. ती लातुरातच दवाखाना चालवते, तुझी औषधं तीच आणून द्यायची. मी म्हटलं, "शबाना, टेपमधलं सगळं गेलंय गं. तिला कळलं असेल का?"

शबाना माझ्याकडं नवल वाटल्यासारखी बघत राहिली. "तुला न्हाई सांगितलं? अगं, ते तर कधीचंच गेलं. मी होते ना त्या दिवशी. बसून झालं, तर म्हणाली, शबाना, आज ती न्हाई खोकली. अन् माझं 'शू' पण न्हाई आलं. मला वाटलं आता रडेल. तर उठली अन् चहा ठेवला."

"मग तरी रोज लावायची?"

"रोज. मी पण विचारलं, अम्मा, आता का लावायलाव? तर म्हणाली, आता भंते काय म्हणायलेत ते ऐकू यायलंय."

मी तिथंच, चपलांच्या ढिगाजवळ, खाली बसले. मी भांडत होते तेव्हा तू कुठं पोचली होतीस, आत्या! मी कॉपी कॉपी करत तुझ्या मागं फिरत होते, आणि तू तुझा हात मिटून घेऊन मोकळी झाली होतीस. कुणाला सांगितलं नाहीस. मला तर नाहीच, कारण मी लगेच फिजिक्स काढलं असतं. पुस्तकं वाचलेली, शिबिरं केलेली माणसं मी बघितली आहेत, मीही एक शिबिर करून आलेय. पण दुःखाला रोज पहाटे समोर बसवून, त्याच्याकडं बघत बघत ते झिजेपर्यंत थांबणारी बाई मी दुसरी बघितली नाही. तीही पोळ्या लाटता लाटता. तुझ्यापुढं मला आता लहान असल्यासारखं वाटतं, आणि त्यात अपमान वाटत नाही.

आणि तरी, खरं सांगू, रागही आहेच. मला सुजीचा खोकला हवा होता. फक्त तुझी नव्हती ती. हे तेवढं तुझ्यावर बाकी ठेवते.

काल नांदेडला घरी आल्यावर मोबाईल बघितला. रेकॉर्डिंग बंद करायचं मी विसरले होते. मामांसारखंच! भंते, खरखर, चहाचे कप, सगळं त्यात आलंय. आमच्या एडिटिंगवाल्याला दिलं तर तो मधलं सगळं उडवून देईल. मी कुणाला देणार नाही. आज पहाटे गॅसवर चहा ठेवून मी ते लावलं आणि डोळे मिटून बसले. भंते म्हणाले, बसू. मग तुमच्या गावाची खरखर, आणि तिच्यावर आम्ही सगळे. सिद्धूचा श्वास, कुणाच्या तरी बांगड्या, माझं नाक ओढणं. आणि मग मैत्री. अजून किती वेळ. मला तहान लागली.

माझा हात उघडा होता. मी वाट बघत होते, पण तिच्यामागून 'शू' आलं नाही.